पाठ टेकल्यानंतरची लढत

तालमीतले : माझा आक्षेप सरळ आहे. तुमच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूची लढत जिथं रंगात येते, तिथं आमची कुस्ती संपलेली असते. लालबाग-परळच्या तालमींत सातारा-कोल्हापूरकडून गिरणीत आलेली पोरं पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकायची, पाठ मातीला लागू द्यायची नाही. दोन्ही खांदे टेकले की चितपट, पंचांनी निकाल दिला, विषय संपला. खाली जायची वेळ आलीच तर पोटावर जायचं. वरच्यानं सवारी भरू दे, घिस्सा मारू दे, पाठ द्यायची नाही. तुमच्या हाफ गार्डमध्ये मात्र माणूस आपणहून खाली राहतो, वरच्याचा एक पाय स्वतःच्या दोन पायांत अडकवतो आणि तिथूनच लढतो. मग वरचा हात पिळायला लागला की त्यातून सुटायचे धडे गिरवतो. मुळात तिथं जाऊच नये, हे शिकवणं जास्त शहाणपणाचं नाही का?

मॅटवरची : काका, तिथं बहुतेक जण हौसेनं जात नाहीत, ढकलले जातात. पंचावन्न किलोच्या मुलीवर ऐंशी किलोचा माणूस आला तर ती खाली जाणारच. प्रश्न त्यानंतरचा आहे. त्यानं तिचे दोन्ही पाय ओलांडले तर तो तिच्या छातीवर आडवा पडेल किंवा पोटावर बसेल, आणि तिथून सुटणं फार अवघड. हाफ गार्ड म्हणजे ती अवस्था येण्याआधी अडवायची शेवटची जागा. आमच्या स्पर्धांत पाय ओलांडून पकड पक्की केली की वरच्याला 3 गुण मिळतात, पोटावर बसला की 4. पण खालच्यानं त्याच्या एका मांडीला घातलेली अढी सुटली नाही, तोवर पाय ओलांडल्याचे ते 3 गुण त्याला मिळत नाहीत. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुलं मल्लखांबाला अढी घालून दोन्ही हात सोडतात, ती तुम्ही पाहिली आहे. बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रुजवला तो पैलवानांच्याच तयारीसाठी. पायांनी धरून हात मोकळे ठेवायची विद्या आपल्याला नवी नाही. आम्ही ती पाठीवर पडल्यावर वापरतो, इतकंच.

आणि ही जागा अडचणीतूनच नावारूपाला आली. ब्राझीलमध्ये रोबेर्तो कोरेआ या खेळाडूचा गुडघा दुखावला, नेहमीच्या पद्धतीनं पाय वापरणं त्याला जमेना, म्हणून त्यानं हाफ गार्डवर मेहनत घेतली. तोवर लोक तिला निम्मी हरलेली जागा समजत. तिथून पलटीही मारता येते, हे त्यानं दाखवून दिलं.

तालमीतले : पायांचं मला पटलं. पण पायांनी धरलंय तर हात का जातो? आमच्याकडे हाताला धरून ओढतात, ढाक मारतात, तरी हात पिळून निकाल लागत नाही. ज्या जागेला तू बचावाची म्हणतेस, तिथं हात उघडा पडत असेल तर ती जागाच खोटी.

मॅटवरची : जागा खोटी नाही, तिच्यात पडून राहायची पद्धत चुकते. हात तीन प्रकारे जातो. एक किमुरा. यात मनगट धरून, दुसऱ्या हाताची कडी घालून, कोपरात वाकलेला हात पाठीमागे कमरेकडून डोक्याकडे फिरवतात. दुसरा अमेरिकाना. तो त्याच्या उलट, पंजा डोक्याशेजारी जमिनीला दाबून कोपर खाली ओढतात आणि उचलतात. दोन्हींत भार खांद्यावर येतो, एकात खांदा आत वळतो, दुसऱ्यात बाहेर. तिसरा आर्मबार, यात सरळ झालेलं कोपर उलट्या दिशेनं वाकवतात.

आता खालच्याची चूक पाहा. तो दोन्ही खांदे टेकून सपाट पडतो. वरच्याचा खांदा जबड्यावर येतो, मान वळते आणि अंग वळेनासं होतं. घाबरून तो सरळ हातांनी छातीला ढकलतो. सरळ हात म्हणजे आर्मबारचं आमंत्रण. नाहीतर काखेतून हात घालून तो वरच्याच्या पाठीवर नुसताच ठेवून देतो. त्या हाताला स्वतःच्या अंगाचा आधार नसतो, म्हणून वरचा त्यावरून आपला हात घालून किमुराची कडी जुळवतो. म्हणजे हात गेला तो पकड लागली तेव्हा नाही. कोपर बरगडीपासून सुटलं तेव्हाच तो गेला होता. दादरच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत आपण पिशवी पोटाशी धरून कोपरं जशी अंगाला चिकटवतो, तशीच ती इथं चिकटलेली हवीत.

म्हणून बचावाची पहिली फळी हाताची नाहीच. कुशीवर वळायचं, एक खांदा जमिनीवरून उचललेला ठेवायचा, वरचा गुडघा त्याच्या छातीत घालून अंतर राखायचं. खालचा हात वाकवून त्याच्या गळ्यापाशी टेकवायचा. त्या हातानं ढकलायचं नाही, नुसता आधार धरायचा. काखेतला हात घालायचाच असेल तर डोकं त्याच्या छातीला लावून, अंगासकट घालायचा.

तालमीतले : थांब. एक खांदा उचललेला ठेवायचा, हे तू आत्ता म्हणालीस. मग हा आमचाच धडा झाला! कुस्तीगीर आयुष्यभर तेवढंच करतो. दोन खांदे एकदम टेकू द्यायचे नाहीत म्हणून तो मानेवर उचलतो, कंबर फिरवतो, कुशीवर जातो. सपाट पडणं तुमच्याकडेही वाईटच ठरलं. फरक एवढाच की आमचे पंच तिथं थांबवतात आणि तुमचे पंच पुढं चालू देतात. मग मी विचारतो, पुढं चालू देऊन तुम्ही मिळवता काय? ऑलिंपिकच्या कुस्तीतही हात पाठीमागे नेऊन काटकोनापेक्षा जास्त मुडपायला बंदी आहे. ती भित्र्यांनी घातलेली नाही. पोरांचे हात शाबूत राहावेत म्हणून घातली आहे.

गिरणगावातल्या पैलवानाचं हातावर पोट होतं. सकाळी जोर-बैठका, मग पाळी, रात्री खाणावळीत जेवण. हात मोडला तर साच्यावर उभा राहणार कोण आणि गावी पैसे पाठवणार कोण? 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढं गिरण्यांबरोबर तालमींचा आधारही गेला. पण जोवर तालमी भरल्या होत्या, तोवर हरलेला पैलवान दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकत होता. चितपट हा मला म्हणून फार माणुसकीचा निकाल वाटतो. हार पूर्ण होते आणि माणूस शाबूत राहतो.

मॅटवरची : ही बाजू मी मानते. तरी दोन गोष्टी सांगते. पहिली, आपल्या परंपरेला ही विद्या परकी नव्हती. मल्लविद्येचे जे चार प्रकार सांगतात त्यात हनुमंती आणि भीमसेनी आहेत, तशी पकडीत जखडून शरण आणणारी जांबुवंती आहे आणि सांधे मोडणारी जरासंधीही आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात मल्लांच्या खेळाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. कोणत्या गोष्टी आखाड्यात राहतील आणि कोणत्या जातील, हे नंतर ठरत गेलं. आज मॅटवर आहे ती शरण आणणारी बाजू.

दुसरी गोष्ट, पाठ टेकली की निकाल लागतो तो आखाड्यात. मुलीवर कुणी चालून आला तर दोन खांदे टेकल्यावर तिथं पंच नसतो. तुमच्या तालमीचं दार माझ्या आजीला उघडं नव्हतं, आईलाही नाही. बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली तीच 2004 मध्ये. चितपट झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न तुमच्या विद्येला कधी विचारावाच लागला नाही. आम्हाला तिथूनच सुरुवात करावी लागते.

तालमीतले : दाराबद्दल तू बोललीस ते खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण रस्त्याचं नाव काढलंस म्हणून विचारतो. गिरगावातल्या एखाद्या वाडीत, शहाबादी फरशीवर, हाफ गार्ड घालून पडून राहशील? समोर एक नसेल, तीन असतील. ते हात पिळणार नाहीत, ठोसे मारतील. मग कोपर बरगडीला चिकटवून उपयोग काय? उभं राहायला शिकवणं हेच खरं संरक्षण.

मॅटवरची : पडून राहणार नाही. तिथं हाफ गार्डचं काम एकच, उठायला जागा करणं. कुशीवर वळणं, काखेतून हात घालणं, गुडघ्यावर येणं, उभं राहणं आणि पळणं. तिघांपुढे कुठलीच विद्या पुरत नाही, माझी नाही आणि तुमचीही नाही. या बाबतीत खोटा भरवसा देणारा शिक्षक मलाही नको. पण कुशीवर वळायची सवय रोज मॅटवर घोटली असेल तरच ती फरशीवर आठवेल. हात जायच्या भीतीनं जो सपाट गोठतो, तो कधीच उठत नाही.

आणि पोटावर जाण्याबद्दल. 10 सप्टेंबर 1910 ला लंडनला गामा पैलवानांसमोर झ्बिस्को नावाचा मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक पोटावर पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली, पुढच्या तारखेला तो आलाच नाही. गामांसारख्या मल्लालाही तो चीत करता आला नाही, कारण त्या नियमांत पोटावर पडलेला माणूस सुरक्षित होता. आमच्या नियमांत पोटावर वळलं की पाठ उघडी पडते, पाठीवरून पाय गुंफले जातात आणि मान जाते. किमुराची पकड लागलेली असताना पोटावर वळलात तर हात आधीच पाठीमागच्या वाटेवर असतो, तुम्ही त्याला मदतच करता. तालमीतून येणारे चांगले चांगले गडी सुरुवातीला नेमके इथं सापडतात. त्यांना ताकद कमी पडत नाही. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय त्यांना चुकीच्या बाजूला वळवते.

तालमीतले : ठीक आहे. समजा मी कुशीवर आहे, कोपर सांभाळलं होतं, तरी त्यानं मनगट पकडलं आणि कडी जुळवली. आता तुझी विद्या काय सांगते?

मॅटवरची : दुसरी फळी. हाताला ताबडतोब स्वतःच्या अंगाचा आधार द्यायचा. चड्डीची किनार, कमरेचा पट्टा, मांडीची आतली बाजू, जे मिळेल ते घट्ट धरायचं, किंवा दोन्ही हात एकमेकांत अडकवायचे. पण ही सुटका नाही, हा उसना वेळ आहे. बोटं थकतात. त्या वेळात कोपर बरगडीकडे आणायचं, कंबर त्याच्या जवळ न्यायची आणि छाती त्याच्याकडे वळवायची. अमेरिकाना असेल तर हात वरून खाली, कमरेकडे ओढायचा आणि त्याच बाजूच्या कुशीवर वळायचं. हाफ गार्डमध्ये हे जमतं, कारण त्याचा एक पाय अडकलेला असल्यामुळे तुमची कंबर पूर्ण दाबली गेलेली नसते.

सगळ्यात कठीण निवड याच वेळी येते. किमुरा पूर्ण करायला वरच्याला बहुतेक वेळा पाय सोडवून डोक्याकडे सरकावं लागतं. म्हणून अढी सोडायची नाही. पण हात वाचवायच्या धडपडीत खालचा नेमके पायच ढिले करतो. जाणता खेळाडू हे ओळखून असतो. तो हात मागतो आणि पाय घेतो. पाय सुटले की तो छातीवर आडवा येतो आणि मग सावकाश परत हाताकडे वळतो. म्हणून बचाव करताना स्वतःला विचारावं लागतं, तो नक्की काय घ्यायला आलाय?

आणि वरचाही सुरक्षित नसतो. तो खालच्याच्या कमरेजवळ पंजा जमिनीला टेकवतो, त्याच मनगटावर खालून किमुरा लागतो. त्यानंही मग कोपर आत ओढायचं, स्वतःची मांडी धरायची, वजन खाली सोडायचं आणि डोक्याच्या दिशेनं फिरायचं. या पकडीत वर-खाली असण्यापेक्षा कोपर कुणाचं अंगापासून लांब आहे, यावर निकाल लागतो.

तालमीतले : आणि हीही फळी फुटली तर?

मॅटवरची : हात कमरेमागे गेला, कोपर जमिनीवरून उचललं गेलं, की तंत्र संपलं. मग टॅप. दुसऱ्या हातानं त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा आपटायचं, हात मोकळा नसेल तर तोंडानं सांगायचं. खांद्याचा सांधा दुखून इशारा देतो आणि फाटतो, यात फार अंतर नसतं. म्हणून दुखायची वाट पाहायची नाही.

तालमीतले : माझी खरी अडचण इथं आहे, पोरी. आमच्याकडे पैलवान कधीच म्हणत नाही की मी हरलो. ते पंच म्हणतात. तो शेवटपर्यंत झुंजू शकतो, कारण थांबवायची जबाबदारी दुसऱ्याची आहे. 1948 ला लंडनला खाशाबा जाधव सहावे आले, मॅटचे नियम शिकले, परत मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीला कांस्य घेऊन आले. त्या वाटेवर हरणं होतं, पण शरण जाणं कुठं नव्हतं. तुम्ही मात्र लढणाऱ्याच्या हातीच त्याची हार देता. एकतर तो लवकर शरण जायला शिकेल आणि त्याची जिद्द मरेल. नाहीतर तो शरण जाणार नाही आणि हात मोडेल. दोन्ही वाईट.

मॅटवरची : 12 डिसेंबर 1976 ला कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये काय झालं, ते तुम्हाला माहीत असेल. गामांचा पुतण्या अक्रम पैलवान जपानच्या अंतोनियो इनोकीपुढे उभा राहिला. तिसऱ्या फेरीत इनोकीनं हाताला कडी घातली, अक्रमनं शरण जायचं नाकारलं आणि हात जायबंदी झाला. इतकं मोठं घराणं, इतकी मेहनत, आणि या एका प्रसंगाची तयारी नव्हती. शरण जाणं हाही शिकायचा भाग असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. हा दोष त्याचा नाही. त्याच्या विद्येनं हा प्रश्न बाजूला ठेवला होता.

तालमीतले : कराची मला ठाऊक आहे. आता मी तुमच्या घरातलं सांगतो. 23 ऑक्टोबर 1951, रिओचं माराकाना स्टेडियम. एलियो ग्रेसी, ज्यांना तुम्ही गुरुस्थानी मानता, जपानच्या मासाहिको किमुराशी लढले. दुसऱ्या फेरीत त्याच हाताच्या पकडीत सापडले. ते शरण गेले का? नाही. भाऊ कार्लोस यांनी टॉवेल टाकला तेव्हा लढत थांबली. हाड मोडल्याचं किमुरांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढं 27 ऑगस्ट 2000 ला त्यांच्याच घराण्यातला रेंझो हा साकुराबा या प्रतिस्पर्ध्याच्या त्याच पकडीत सापडला. कोपर गेलं, टॅप नाही. तुम्ही पकडीला जिंकणाऱ्याचं नाव दिलंत, ठीक. पण या दोघांची गोष्ट मॅटवर सांगताना आवाज खाली येतो का तुमचा? येत नाही, अभिमानानं चढतो. म्हणजे वर्गात शिकवता की टॅप करा, आणि गोष्टी सांगता टॅप न करणाऱ्यांच्या. पोरगं धड्यावर विश्वास ठेवील की गोष्टीवर?

मॅटवरची : या आक्षेपाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. ही विसंगती आमच्यात आहे, आणि ती पोरांच्या खांद्यांना भोगावी लागते. मी इतकंच म्हणेन की किमुरा लागून मोडलेला हात शूरपणाचा पुरावा नाही. कोपर कुठं सुटलं, अढी का ढिली झाली, कुशीवर का वळता आलं नाही, याचा तो उशिरा आलेला हिशेब आहे. एलियोंचा मोठेपणा त्यांनी घडवलेल्या बचावाच्या विद्येत आहे, हात मोडू देण्यात नाही. आम्ही गोष्ट सांगताना हे म्हटलं पाहिजे आणि बहुतेक वेळा म्हणत नाही.

पण तुमच्याही बाजूला एक प्रश्न उरतो, काका. पंच थांबवतील या भरवशावर लढणारा माणूस स्वतःची मर्यादा ओळखायला कधी शिकतो? सरावात रोज टॅप करणारा खेळाडू हरून लगेच परत मिठीला येतो. एका संध्याकाळी तो कितीतरी वेळा हरतो आणि प्रत्येक वेळी कुठं चुकलं ते पाहतो. जिद्द मरत असती तर तो दुसऱ्या दिवशी आला नसता. उलट सरावात हात वाचतो म्हणूनच तो वर्षानुवर्षं शिकत राहतो.

तालमीतले : सरावाचं मान्य. स्पर्धेचं अजून नाही. अंतिम लढत आहे, शेवटचं अर्धं मिनिट राहिलंय, गुणांवर तू पुढं आहेस आणि मनगट धरलं गेलंय. चड्डीची किनार बोटांत आहे. त्या क्षणी सुटायची उमेद कुठं संपते आणि हट्ट कुठं सुरू होतो, हे कोण सांगणार? तुझा गुरू बाहेर आहे, पंच टॅपची वाट पाहतोय. एकोणीस वर्षांच्या पोरीवर एवढा निर्णय टाकणं मला जड वाटतं. आमचा नियम कमी शिकवत असेल, पण तो हे ओझं तिच्यावर टाकत नाही.

मॅटवरची : आणि मला वाटतं ते ओझं तिनंच उचलायला शिकावं. आयुष्यात बऱ्याच जागी तिच्यासाठी दुसरा कुणी थांबा म्हणणार नाही. पण ते उचलता यावं इतकी तयारी तिला दिलेली हवी, हे तुमचं म्हणणं मला आता जास्त पटतंय. लहान वयोगटांत पंचांनी टॅपची वाट न पाहता लढत थांबवावी, कोपऱ्यात उभ्या असलेल्या गुरूनं टॉवेल टाकायला लाजू नये, यावर तरी आपलं एकमत व्हायला हरकत नाही.

तालमीतले : तिथं एकमत आहे. माझा आक्षेप मात्र गेला नाही, त्याची जागा बदलली. पाठीवर पडून लढण्याला आता मी नाव ठेवत नाही. एक खांदा वर ठेवायचा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. हार ठरवायची कुणी, याबद्दल तू आणि मी वेगळेच राहणार. पण परळला, लालबागला, दादरला, जिथं कुठं नवा मॅट पडेल आणि जुनी माती उरली असेल, तिथं शिकवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. पहिल्या दिवशी डाव शिकवू नका. कोपर बरगडीला कसं ठेवायचं ते शिकवा, कुशीवर वळायला शिकवा आणि वेळेवर टॅप करायला शिकवा. आणि आईबापांनो, ज्या वर्गात टॅप करणाऱ्याला हसतात, तिथं आपलं पोर पाठवू नका.